लळिंगच्या उतारावरचा ठराव

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील जळगावला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शाई फाकलेली, चुकलेली, एका बाजूनं कोरी राहिलेली पत्रकं ते घरी आणत. आमच्या फळ्यांवर ती अंथरलेली असत, डब्यांखाली असत, शाळेच्या पुस्तकांना कव्हरं त्यांचीच. त्यामुळे 'कमळ', 'बदक' यांच्याही आधी मला 'बंधू आणि भगिनींनो' वाचता येऊ लागलं. संपाची पत्रकं, सभांची, कापसाच्या भावाची, निवडणुकीची. मोठ्या टायपात छापलेलं वाक्य खरंच असतं, असा माझा लहानपणी समज होता. तो अजून पुरता गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

सायकल मात्र मी उशिरा शिकले. गल्लीतली मुलं लहान वयातच वडिलांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून कैची मारत हिंडायची. मुलींनी तसं करायची पद्धत नव्हती. कॉलेजात गेल्यावर एका मैत्रिणीच्या लेडीज सायकलवर मी मेहरूणच्या तलावाकाठी शिकले, तेही पहाटे, कोणी बघू नये म्हणून. शिकले म्हणजे पडायची थांबले, एवढंच. हँडलवरून एक हात सुटत नसे. समोरून बैलगाडी आली की मी उतरून उभी राहायची. चढावर दम लागे, पण भीती नसे. भीती वाटायची ती उताराची. चढाला माझ्या पायांची संमती लागायची. उतार मला काही विचारतच नसे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे धुळे-जळगावच्या काही तरुणांचा एक गट होता आणि मी त्यात होते. कॉलेजातली मुलं, दोन शिक्षक, बँकेतला एक कारकून आणि आम्ही दोन मुली. हुंड्याविरुद्ध आम्ही गावोगाव पथनाट्य करायचो, पत्रकं वाटायचो. पत्रकांचा मजकूर बहुतेक वेळा माझा असे. आमच्यात कोणी कोणाला नावानं हाक मारत नसे, आडनावानं तर नाहीच. आडनावावरून जात कळते, म्हणून प्रत्येकाला त्याच्या गावाचं नाव. मी जळगाव. दुसरी मुलगी पहूर. आमच्यातला सगळ्यांत पटाईत सायकलवाला पाचोरा. बँकेतला कारकून नशिराबाद. फक्त गटप्रमुखांना सगळे भाऊ म्हणत. त्यांचं गाव कोणतं, हे मला आज आठवत नाही.

दुसरी पद्धत ठरावाची. कुठलीही गोष्ट ठराव झाल्याशिवाय करायची नाही. कोणीतरी मांडायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, मग हात वर. बैठकीच्या चहात आलं घालावं की नाही यावरही एकदा मतदान झालं होतं, आणि आलं पडलं होतं. बाहेरचे हसायचे. मला ते हसणं आवडत नसे. ज्या घरांत मुलीचं लग्नसुद्धा तिला न विचारता ठरतं, त्या घरांतून आलेल्या माणसांनी चहासाठी हात वर करून मत द्यावं, यात हसण्यासारखं काय होतं?

त्या वर्षी दिवाळीनंतर हुंडाविरोधी सायकल फेरी काढायची ठरली. मालेगावच्या बाजूनं यायचं, लळिंगचा घाट उतरून धुळ्याकडे, पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव आणि शेवट नशिराबादला. पहिली सभा घाटाच्या पायथ्याच्या गावात. सगळं एकमतानं चाललं होतं. मग भाऊंनी मांडलं की घाटापुरतं मुलींनी सामानाच्या टेम्पोत बसावं.

मी उठले आणि जरा मोठ्यानंच बोलले. मुलीला ओझं समजून गाडीत घालून सासरी पोचवतात, त्याविरुद्ध आपण फेरी काढतो आहोत. त्या फेरीतल्या मुली तांदळाच्या पोत्यांबरोबर टेम्पोतून पहिल्या सभेला उतरणार, आणि मग लोकांना बरोबरी शिकवणार. भाऊ शांतपणे म्हणाले, "तुला सपाटीवर बैलगाडी चुकवता येत नाही, जळगाव." सगळे हसले. ते खरंच होतं, म्हणून जास्त हसले.

शेवटी पाचोऱ्यानं तोड काढली. फेरीच्या आदल्या रविवारी लळिंगला जाऊन सराव करायचा आणि मुली सायकलवर की टेम्पोत, ते त्याच संध्याकाळी मतानं ठरवायचं. पहूर बैठकीत काही बोलली नाही. बाहेर आल्यावर मात्र तिनं मला सांगितलं की मोठ्या भावानं तिला एकाच अटीवर पाठवलं होतं. खरचटून घरी आलीस, तर हे गावोगाव फिरणं बंद. माझी भीती पडण्याची होती. तिला पडण्याच्या नंतरचीही होती.

रविवारी सकाळी थंडी होती. ज्यांचा टेम्पो होता त्या नानांनी सायकली एकावर एक रचून घाटमाथ्यावर नेऊन उतरवल्या. नाना टेम्पो घेऊन पायथ्याशी थांबणार, आम्ही उतरून आलो की पुन्हा सगळ्यांना वर नेणार, अशी व्यवस्था. मोठा रस्ता ट्रकांनी भरलेला. पण बाजूनं जुना, सोडून दिलेला रस्ता खाली जात होता. डांबर जागोजागी उखडलेलं, कडेला गटाराचा खड्डा, मध्येच एक मोठं वळण, आणि पलीकडे पिवळं पडलेलं कुरण. खाली धुळ्याची सपाटी धुक्यात होती. वारा खालून वर येत होता.

मुलांचं काही विचारू नका. ती आधीपासूनच रविवारी इथे येत असावीत. पायडलवर उभं राहून, अंग पुढे टाकून, ओरडत ओरडत ती सुटली. काहींनी तर मागचे ब्रेक काढूनच टाकले होते. थांबायचं झालं की चप्पल टायरवर दाबायची. पाचोरा सगळ्यांत शेवटी निघून सगळ्यांच्या आधी दिसेनासा झाला. मी पहिल्या फेरीला सायकलीवर बसलेच नाही. हँडल धरून चालत निघाले. पहूर माझ्या मागे, तीही चालत.

वळणापाशी एक म्हातारी अक्का शेळ्या चारत होती. तिनं आम्हा दोघींना खालीवर पाहिलं.

"सायकलले फिरावाले लई उन्यात का व माय?" ती म्हणाली.

सायकलीलाच फिरायला आणलंय म्हणे! पहूरला हसू आवरेना. मलाही आलं, आणि त्या हसण्यात माझी थोडी भीती गेली. खाली पोचलो तेव्हा मुलं टेम्पोला टेकून उभी होती. नशिराबाद स्टेशनवरच्या घोषणेच्या आवाजात म्हणाला, "जळगाव पॅसेंजर उशिरानं धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

दुसऱ्या फेरीला पाचोरा मुद्दाम माझ्याबरोबर थांबला. तो फार बोलणारा नव्हता. त्यानं मला सांगितलं की ब्रेक आवळून बसायचं नाही. सोडायचं, धरायचं, सोडायचं, धरायचं. खड्ड्याकडे बघायचं नाही, कारण डोळे जातात तिकडे चाक जातं. वळण आलं की वळणाच्या पुढचा रस्ता बघायचा. "आणि तू श्वास घ्यायचा विसरतेस," तो म्हणाला. "तेवढं मात्र ठराव न करता घेत जा."

मी बसले. माझ्या सायकलीला दांड्यांचे ब्रेक होते. धरले की घाटभर किंकाळी जायची. मनगटं दुखू लागली, डोळ्यांत पाणी आलं, दात एकमेकांवर आपटत होते. वळणावर मी उतरले, चार पावलं चालले, पुन्हा बसले. पण खाली पोचले ती सायकलवर बसून. पहूरही पोचली, माझ्याहून बरी. तिला उतार जमत होता आणि त्याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. टेम्पोतून वर जाताना ती सारखी मागे वळून रस्ता बघत होती. मला वाटलं, झालं. संध्याकाळी कोणाला काही बोलायला जागा उरली नाही.

तिसरी फेरी फलकाची होती.

फलकाचा ठराव आठ दिवस आधीच झाला होता, आणि मजकूर माझाच होता. मांजरपाटाच्या लांब पट्ट्यावर लाल अक्षरांत 'हुंडा देणार नाही, हुंडा घेणार नाही'. तो पट्टा दोन सायकलींच्या मध्ये ताणायचा, म्हणजे घाट उतरताना समोरून येणाऱ्याला दुरूनच वाचता येईल. आणि बरोबरी बोलण्यात नाही तर डोळ्यांना दिसली पाहिजे, म्हणून एका सायकलवर मुलगा, दुसऱ्या सायकलवर मुलगी. या ठरावाला एकही हात खाली नव्हता. आमच्यात विज्ञान शिकवणारा एक मास्तर होता, सायकली मोडून जोडणारी मुलं होती. पण शब्द आणि अर्थ दोन्ही इतके बरोबर होते की वाऱ्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

मुलगा अर्थातच पाचोरा. मुलगी कोण, तर पहूर म्हणाली नको. मग मी. दोन बांबूच्या काठ्या हँडलांना उभ्या बांधल्या, सुतळीच्या दुहेरी गाठी मारल्या, मध्ये कापड ताणलं. बाकीच्यांनी माथ्यावर थांबायचं, आम्ही खाली पोचून शिट्टी मारली की मग निघायचं. नाना टेम्पो घेऊन पायथ्याशी होतेच.

पहिला टप्पा हळू गेला. अक्षरं आमच्या मध्ये फडफडत होती आणि माझा ऊर भरून आला होता. मग उतार वाढला. खालून येणारा वारा कापडात भरला आणि ते मागे फुगलं. दोन्ही काठ्या आत ओढल्या जाऊ लागल्या, आणि काठ्यांबरोबर हँडलं. माझी सायकल पाचोऱ्याकडे वळत होती, त्याची माझ्याकडे. मी ब्रेक धरले. तो पुढे, मी मागे, कापड आणखी ताणलं.

"ब्रेक सोड, जळगाव," तो म्हणाला. ओरडला नाही, म्हणाला. मी सोडले नाहीत. सोडले असते तर आम्ही दोघंही एकमेकांवर जाऊन पडलो असतो, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. वळणाच्या जरा पुढे त्याचं हँडल आडवं झालं. माझ्या बाजूची काठी कडकन मोडली, म्हणून मी उभी राहिले. तो सायकलीसकट खडीवर घसरत गेला.

धूळ बसल्यावर तो उठून बसायला बघत होता. डावा खांदा विचित्र दिसत होता, एका बाजूला ओघळल्यासारखा. कपाळावर रक्त. मांजरपाट मधोमध फाटला होता. माथ्यावरच्या लोकांना वळणामुळे काही दिसत नव्हतं. मी हाका मारल्या, त्या वाऱ्यात गेल्या. शेळ्यांवाली अक्का मात्र धावत आली. तिनं पदरानं त्याचं कपाळ दाबलं, आपल्याजवळचं पाणी पाजलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी बठस त्याना जोडे," ती त्याच्याजवळ बसत म्हणाली. "तू जाय."

वर जायचं तर चढ लांब आणि वर गाडी नाही. टेम्पो खाली. पाचोरा डोळे मिटून होता. त्यानं फक्त मान हलवली.

मी मोडकी काठी सुतळीसकट उपसून टाकली आणि बसले. खालचा अर्धा घाट मी एकटीनं उतरले. शूर झाले होते असं मुळीच नाही. मी मोठ्यानं, वेड्यासारखी, सोड, धर, सोड, धर असं म्हणत होते. एका ठिकाणी खड्ड्याकडे डोळे गेले आणि चाक त्याच्या काठावरून गेलं. पण मी उतरून चालले नाही, कारण चालत गेले असते तर त्या माणसाला तेवढा वेळ तिथे पडून राहावं लागलं असतं. भीती होती तशीच होती. तिच्याकडे बघायला सवड नव्हती. पायथ्याशी पोचले तेव्हा नाना बिडी ओढत होते. मी काय सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी बिडी टाकली आणि टेम्पो चालू केला.

बैठक संध्याकाळी धुळ्याला, दवाखान्याच्या आवारातल्या झाडाखाली झाली. पाचोऱ्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून तोही येऊन बाकावर बसला. भाऊंनी सुरुवात केली ती चांगल्या शब्दांत. दोष कोणाचाच नाही, प्रसंगावधान दाखवल्याबद्दल जळगावचं अभिनंदन. पण. त्या 'पण'नंतर ते म्हणाले की दोन सायकलींच्या वेगात फरक पडला म्हणून हा अपघात झाला, आणि वेगात फरक का पडला, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हणाले की अपघात कापडामुळे झाला. वाऱ्यावर आपण शीड बांधलं होतं. त्या जागी भाऊ असते तरी पडले असते.

मग नशिराबाद, सकाळी स्टेशनची घोषणा करणारा, अगदी मनापासून म्हणाला, "पण फलकाचा ठराव तर एकमतानं झाला होता." त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. एकमतानं झालेली गोष्ट चुकली, असं म्हणायला आमच्याकडे रीतच नव्हती. एका माणसाचं चुकू शकत होतं, आणि तो माणूस माझ्या रूपानं समोर होता.

मी पाचोऱ्याकडे पाहिलं. कापड कसं फुगलं हे माझ्याशिवाय फक्त त्यालाच माहीत होतं. त्यानं मला उतार शिकवला होता. मतदान झालं तेव्हा त्यानं उजवा हात, चांगला हात, टेम्पोच्या बाजूनं वर केला.

"तू पाहिलंस ना," मी म्हणाले.

"पाहिलं," तो म्हणाला. "कापडच होतं. पण हे हाड तुझं असतं तर? मी तुझ्या जिवासाठी म्हणतो."

"माझ्या जिवाचा ठराव तुम्ही सगळे मिळून कसा करता?"

पहूरनं कोणत्याच बाजूला हात वर केला नाही. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी तिला काही विचारलं नाही. तिच्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता आणि हात तसाच घरी न्यायचा होता. फेरीतल्या मुलींनी घाटात सायकल चालवू नये, असा ठराव बहुमतानं संमत झाला. विरोधात एक मत.

रात्री धुळ्यातल्या मावशीच्या घरी मी विचार केला, फेरी सोडून द्यावी. सोपं होतं. एक जळजळीत पत्रक लिहायचं आणि निघून जायचं. पण बहुमताचा ठराव मनाविरुद्ध गेला तरी तो पाळायचा, हे मी स्वतःच अनेकांना ऐकवलं होतं. आपल्या बाजूनं लागला तरच लोकशाही, असं म्हणणारी माणसं मला तेव्हा आवडत नसत आणि आजही आवडत नाहीत. तेव्हा ठराव पाळायचा. पण त्यात लिहिलं नव्हतं ते पाळण्याचं माझ्यावर बंधन नव्हतं.

फेरीच्या दिवशी घाटमाथ्यावर सगळे थांबले. पहूरची सायकल टेम्पोत चढवली, ती मागे सामानाजवळ बसली आणि तिनं मला वर घ्यायला हात पुढे केला. मी नाही म्हणाले. भाऊंनी आठवण करून दिली की ठराव झाला आहे.

"सायकल चालवणार नाही," मी म्हणाले. "चालत उतरेन."

"उशीर होईल. सभेत तुझं भाषण आहे."

"मग भाषण नसेल."

भाऊंनी शिट्टी हातात घेतली. रागावले नव्हते, थकले होते असं वाटलं. मग शिट्टी झाली. यावेळी फलक नव्हता. त्याबद्दल ठराव झाला नव्हता, तो नुसता आणलाच नव्हता. मुलं ओरडत सुटली, घोषणा वळणापलीकडे विरल्या. टेम्पो माझ्या बाजूनं हळूहळू गेला. मागे पाय सोडून बसलेली पहूर माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तिला उतार किती चांगला जमत होता, हे त्या टेम्पोत तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. दोघींपैकी कोणीच हात हलवला नाही.

मी हँडल धरून सबंध घाट चालत उतरले. सायकल पुढे ओढत होती आणि मी ब्रेक धरून तिला मागे. बसून उतरण्यापेक्षा ते कष्टाचं होतं. ऊन चढलं. जिथे पाचोरा पडला होता तिथली खडी अजून विस्कटलेली होती. अक्का त्या दिवशी दिसली नाही.

पायथ्याच्या गावात पोचले तेव्हा सभा रंगात आली होती. पारावर कर्णा बांधला होता आणि भाऊ बोलत होते. समोर पुरुष बसलेले. बायका सगळ्यांत मागे, एका घराच्या ओट्याजवळ, अर्ध्या वळून उभ्या, काम टाकून आल्यासारख्या. तिथून भाषण नीट ऐकू येत नव्हतं. मी घामानं भिजलेली, सायकल हातात, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. एकीनं मला तांब्या दिला. पाणी पिऊन होईपर्यंत ती माझ्याकडे आणि पारावरच्या मुलांच्या सायकलींकडे बघत होती.

"तू बी त्यास्नामानीच शे का व माय?" तिनं विचारलं.

हो म्हणायचं की नाही, हे घाटभर मी स्वतःला विचारत आले होते.

"हो," मी म्हणाले. "त्यांच्यातलीच."

"मंग मांगे कसी ऱ्हायनी?"

आणखी दोघीतिघी वळून बघू लागल्या. एकीनं ओट्यावर सरकून जागा केली. मी सायकल स्टँडवर लावली, तिथे बसले आणि टेम्पोच्या ठरावापासून सगळं सांगायला लागले. कर्ण्याचा आवाज मोठा होता, म्हणून मला माझा आवाज चढवावा लागला.